वारसा हवा, ऋण नको!



वकिलाच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. घरातील कर्ता पुरुष निवर्तला की महिना उलटत नाही तोच मुले, पुतणे, जावई असे सारे सातबाराचा उतारा हाती घेऊन हजर होतात. सोसायटीच्या कर्जाचा कागद मात्र कोणी बरोबर आणीत नाही. कायद्याचे म्हणणे अगदी साधे आहे. मृताच्या मिळकतीतून आधी त्याचे देणे फिटले पाहिजे, मग जे उरेल ते वारसांचे. जो मिळकत घेतो त्याला त्या मिळकतीपुरते तरी देणेही अंगावर घ्यावे लागते. हे सांगितले की बैठकीत शांतता पसरते आणि एखादा वडीलधारा हळूच विचारतो, "साहेब, कर्ज वगळून तेवढी जमीन नावावर होणार नाही काय?"

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वारशावर आज देशात जो हक्क सांगितला जात आहे तो पाहताना मला त्या वडीलधाऱ्याच्या प्रश्नाची आठवण होते.

आजमितीस बाबासाहेब आमचे नव्हेत असे म्हणणारा एकही मोठा राजकीय पक्ष या देशात उरलेला नाही. १४ एप्रिलला त्यांच्या पुतळ्याला हार घालण्यासाठी पुढाऱ्यांची रांग लागते, आणि जो तो आपणच त्यांचा खरा वारस असे सांगतो. ही गोष्ट आनंदाची की चिंतेची? ज्या पुरुषाला १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात पाडण्यात आले, ज्याने मुख्यत्वे हिंदू कोड बिलाची झालेली वासलात पाहून १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा त्याग केला, त्याला भारतरत्न देण्यास १९९० साल उजाडावे लागले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले तेही त्याच वर्षी. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला आणि तो अमलात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळाली आणि किती माणसे मेली हे मराठवाड्यातल्या वाचकांना मी सांगावयास नको. नावापुरत्या आदराचीही या देशाने इतकी किंमत वसूल केली.

आता काळ फिरला आहे. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून सरकारी इतमामाने साजरा होतो. महूपासून लंडनपर्यंतच्या त्यांच्याशी निगडित जागांना 'पंचतीर्थ' असे नाव मिळाले आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत विरोधी पक्षांचे नेते संविधानाची लहानशी प्रत हातात उंचावून मते मागत होते, तर सत्ताधारी पक्ष आणीबाणीची आठवण देऊन संविधानाचे मारेकरी कोण असा उलट प्रश्न करीत होता. त्याच वर्षी १७ डिसेंबरला राज्यसभेत गृहमंत्र्यांनी भाषणात बाबासाहेबांचे नाव घेण्याची फॅशन झाली आहे असे उद्गार काढले. विरोधकांनी तो अपमान ठरविला, आणि गृहमंत्र्यांनी आपले भाषण तोडूनमोडून दाखविले गेले असे म्हटले. दोनच दिवसांनी संसदेच्या आवारात दोन्ही बाजूंच्या खासदारांत धक्काबुक्की झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत सरकार बदलले, तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या दालनातील बाबासाहेबांची तसबीर काढली की दुसऱ्या भिंतीवर लावली, यावर विधानसभेत गोंधळ माजला. एका महापुरुषाच्या विचारावरील वाद भिंत कोणती येथवर येऊन ठेपावा, याला काय म्हणावे?

या ओढाताणीत प्रत्येकजण बाबासाहेबांचे एखादे वाक्य तोडून नेतो. उदाहरण म्हणून एकच सांगतो. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत बोलताना, ही घटना जाळून टाकावयाची झाली तर आपण स्वतः पुढे होऊ, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढले होते. संविधानाचा ज्यांना मनातून कंटाळा आहे ते हे वाक्य आजही मोठ्या आनंदाने सांगतात. तथापि १९५५ च्या मार्चमध्ये त्याच सभागृहात त्यांना याचा जाब विचारण्यात आला, तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते कोणी सांगत नाही. देवासाठी मंदिर बांधले, पण देव येऊन राहण्यापूर्वीच दैत्यांनी त्याचा ताबा घेतला तर मंदिराचे काय करावयाचे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा रोष ग्रंथावर नव्हता, ग्रंथाचा ताबा घेणाऱ्यांवर होता. न्यायालयात एखाद्या साक्षीदाराची अर्धीच जबानी वाचून दाखविली तर समोरचा वकील तत्काळ उठून हरकत घेतो. बाबासाहेबांच्या बाबतीत ही हरकत घेणार कोण?

मी प्रामाणिकपणे सांगतो, अशी अर्धी जबानी वाचण्याचा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणातून राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्या विसंगतीचा भाग आपले वक्ते तोंडपाठ म्हणतात. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध दिलेला इशारा मात्र, भला मोठा हार घालून झाल्यावर म्हणावयास अवघड जातो.

परंतु हे वाक्यांचे झाले. मुख्य गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती आपण नवदीक्षित कुटुंबांनी नीट समजून घेतली पाहिजे.

दिल्लीच्या आम आदमी पक्षाच्या सरकारने जानेवारी २०२२ मध्ये घोषणा केली की यापुढे आपल्या सर्व कार्यालयांत बाबासाहेब आणि भगतसिंग यांच्याच तसबिरी लागतील. त्याच वर्षीच्या अशोक विजयादशमीला, ५ ऑक्टोबर रोजी, दिल्लीच्या आंबेडकर भवनात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या सरकारातील समाजकल्याण मंत्री राजेंद्र पाल गौतम तेथे उपस्थित राहिले आणि जनसमुदायासोबत त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. या प्रतिज्ञा त्यांनी किंवा त्या सोहळ्याच्या चालकांनी रचलेल्या नव्हत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर स्वतः बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना दिलेल्या त्या प्रतिज्ञा होत्या. त्याचे चित्रण बाहेर येताच भारतीय जनता पक्षाने हा हिंदू देवतांचा अपमान म्हणून ओरड केली. गुजरातची निवडणूक तोंडावर होती. ९ ऑक्टोबरला मंत्रिमहोदयांनी राजीनामा दिला.

वाचकहो, या घटनेवर क्षणभर थांबा. ज्या पक्षाने ओरड केली तो पंचतीर्थे उभारणारा पक्ष आहे. ज्या पक्षाचा मंत्री गेला तो प्रत्येक कचेरीत तसबीर लावणारा पक्ष आहे. दोघांनाही बाबासाहेब हवे होते, आणि दोघांनाही त्यांच्या बावीस प्रतिज्ञा नको होत्या. भिंतीवरचे बाबासाहेब चालतात. ते बोलू लागले, आणि तेही त्यांनी स्वतः निवडलेल्या शब्दांत बोलू लागले, की मंत्र्याला घरी जावे लागते.

हे दिल्लीतच घडते असे नव्हे. आपल्या महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे प्रसिद्ध करण्याचे कार्य १९७९ पासून हाती घेतले, ही गोष्ट निःसंशय अभिमानाची आहे. त्या मालिकेच्या चौथ्या खंडात १९८७ साली हिंदू धर्मातील कोडी हा ग्रंथ आला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट काढून टाकावे म्हणून शिवसेनेसह अनेकांनी काहूर माजविले. १९८८ च्या आरंभी मुंबईत मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. शेवटी तडजोड काय झाली? परिशिष्ट राहिले, पण त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची टीप ग्रंथाला चिकटविण्यात आली. ग्रंथ शासनाने छापावा, आणि ग्रंथकाराशी आपला संबंध नाही हे त्याच ग्रंथात लिहून द्यावे! दस्तऐवजावर सही करून खाली 'मजकूर अमान्य' असे लिहिणारा पक्षकार मला अद्याप भेटावयाचा आहे.

तेव्हा वारशाचा वाद कोठे आहे हे आता ध्यानात येईल. घटनेचे शिल्पकार बाबासाहेब सर्वांना मान्य आहेत, कारण त्या नात्याने ते कोणाकडेही काही मागत नाहीत असा लोकांचा समज आहे. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब, पाटबंधारे आणि वीज यांची योजना करणारे बाबासाहेब, कामगारमंत्री बाबासाहेब यांच्यावरही उत्सवात व्याख्याने होतात, आणि ती व्हावीतच. धम्मप्रवर्तक बाबासाहेब मात्र कोणालाच नको आहेत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास, हिंदू म्हणून मरणार नाही, असे सांगणारा आणि एकवीस वर्षांनी तो शब्द खरा करून दाखविणारा तो पुरुष आला की सारे वारस पाठ फिरवितात. येवला ते नागपूर हे ते ऋण आहे, जे वगळून जमीन तेवढी नावावर व्हावी अशी सर्वांची इच्छा दिसते.

पण हे दोन बाबासाहेब वेगळे काढता येतात काय? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात त्यांनी स्वच्छ सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नसून आपल्या गुरूच्या, म्हणजे भगवान बुद्धाच्या, शिकवणुकीतून घेतलेली आहेत. संविधानाच्या उद्देशिकेत जे शब्द शाळेतील मुले रोज म्हणतात त्याच शब्दांचे हे मूळ त्यांनी सांगितले आहे. मूळ तोडून फळ बाजारात नेणाऱ्याला झाडाचा मालक कोण म्हणेल?

धर्मांतराला थेट विरोध करणे आज कठीण झाले आहे, म्हणून आणखी एक युक्तिवाद पुढे केला जातो. तो असा की बौद्ध हे हिंदूच आहेत, प्रत्यक्ष संविधानच तसे म्हणते, मग धर्मांतर झालेच कोठे? हा युक्तिवाद आपल्या तरुणांनाही गोंधळात टाकतो, म्हणून त्याची फोड करतो. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाला दुसरे स्पष्टीकरण जोडलेले आहे. त्यात शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश 'हिंदू' या शब्दात केला आहे हे खरे; पण तो केवळ त्या अनुच्छेदाच्या एका उपखंडापुरता, म्हणजे सामाजिक सुधारणा आणि सार्वजनिक स्वरूपाच्या धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करणे, एवढ्यापुरता आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही तो कायदा कोणाला लागू आहे हे सांगताना धर्माने बौद्ध, जैन किंवा शीख असलेल्यांचा उल्लेख हिंदूंहून वेगळा केलेला आहे. कायदा लागू होणे निराळे आणि धर्म एक असणे निराळे. एका गावच्या दोन घरांना एकाच नळाने पाणी येते म्हणून ती दोन घरे एक होत नाहीत.

गुजरातचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे २००३ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. त्यान्वये धर्मांतर करविणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि धर्मांतर करणाऱ्याने त्यांना कळवावे लागते. २००६ साली त्या कायद्यात दुरुस्ती करून जैन आणि बौद्ध यांना हिंदू धर्माचे पंथ ठरविण्याचा प्रयत्न झाला. दोन्ही समाजांनी विरोध केला, राज्यपालांनी विधेयक परत पाठविले आणि पुढे ते मागे घेण्यात आले. तरीही अनेक जिल्हा कचेऱ्या दीक्षेच्या अर्जावर, बौद्ध हे हिंदूंतच मोडतात, सबब परवानगीची गरज नाही, असा शेरा मारून कागद परत करीत होत्या. अखेर एप्रिल २०२४ मध्ये तेथील गृहखात्याने परिपत्रक काढून सांगितले की या कायद्याच्या दृष्टीने बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म मानावा, आणि म्हणून त्यात जाण्यासाठी परवानगी घ्यावी. पाहा कशी गंमत आहे! ओळख मिळाली ती परवानगीच्या बेडीसकट मिळाली. तरीही माझे मत असे की ही ओळख आपण स्वीकारावी आणि बेडीविरुद्ध न्यायालयात लढावे. 'तुम्ही आमचेच' असे म्हणून केलेल्या गोड नकारापेक्षा 'तुम्ही वेगळे आहात' ही कडू कबुली पुढील लढ्याला अधिक उपयोगी पडते.

आता, ज्यांनी हे ऋण खरोखर फेडले त्यांच्याविषयी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरत्या मर्यादित केल्या होत्या. १९५६ साली त्यांत शिखांची भर पडली. त्याच वर्षी आपले आजे-पणजे बौद्ध झाले आणि केंद्राच्या कायद्याच्या दृष्टीने एका दिवसात अनुसूचित जातीचे उरले नाहीत. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, त्याचे श्रेय यशवंतराव चव्हाणांना दिलेच पाहिजे. पण राखीव मतदारसंघ आणि केंद्राच्या नोकऱ्या यांचे दार बंदच राहिले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव जागेवरून डॉ. मेश्राम निवडून आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध अर्ज झाला की हे गृहस्थ बौद्ध आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पंजाबराव विरुद्ध डॉ. मेश्राम हा १९६४ चा निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. धर्म 'मानणे' म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असे न्यायालयाने म्हटले, आणि त्यांनी तो उघडपणे स्वीकारला होता असे ठरवून त्यांची निवड अवैध ठरविली. लपवून ठेवले असते तर जागा राहिली असती. दार उघडले ते १९९० च्या दुरुस्ती कायद्याने. चौतीस वर्षे लाखो गरीब कुटुंबांनी हे ऋण हप्त्याहप्त्याने फेडले, आणि त्यांची नावे कोणत्याही तीर्थावर कोरलेली नाहीत.

आपल्याच राजकारणाने हे ऋण कितपत मानले, हेही विचारले पाहिजे. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह करून तुरुंग भरले. त्याच पक्षाची पुढे इतकी शकले झाली की आता कोणत्या गटाचा अध्यक्ष कोण, हे सांगताना कार्यकर्तेही अडखळतात. उत्तरेत बहुजन समाज पक्षाने सत्ता मिळविली, हे कर्तृत्व लहान नव्हे. मान्यवर कांशीराम यांनी २००६ च्या ऑक्टोबरात दीक्षा घेण्याचा मनोदय जाहीर केला होता, परंतु त्याच महिन्याच्या ९ तारखेला, दीक्षेपूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या उत्तराधिकारी मायावती यांनी धर्मांतराचा उच्चार एकाहून अधिक वेळा केला आहे, पण तो बहुधा एखाद्या अटीसह. अटीवर घेतलेल्या दीक्षेचे उदाहरण धम्माच्या इतिहासात मला तरी आढळलेले नाही.

आणखी एक कटू गोष्ट लिहितो, वाचकांनी राग मानू नये. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. तेव्हापासून बाजूने बोलणारेही बाबासाहेबांचे नाव घेतात आणि विरोधकही घेतात. आपल्यापैकी पुष्कळांचा विरोध आहे. उपवर्गीकरणाने एकजूट फुटेल, सत्ताधारी त्याचा दुरुपयोग करतील, ही भीती निराधार नाही. आकडेवारीवर हरकत घ्यावी, कार्यपद्धतीवर घ्यावी. ती घेण्यास मीही तयार आहे. पण शेजारच्या वस्तीतील मातंग बांधवाने आपला वाटा मागितला की 'बाबासाहेबांना हे मान्य नव्हते' एवढेच म्हणून त्याला वाटेला लावणे, हा युक्तिवाद नव्हे. जातिव्यवस्था ही पायरीपायरीची विषमता आहे हे बाबासाहेबांनीच शिकविले. आपल्या पायरीखाली आणखी पायरी नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? बंधुत्व हे ऋण आपल्याही नावावर निघते.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. तालुक्याच्या गावी फिटरचे काम करतात. वडिलांच्या मृत्यूनंतर मोठ्या भावाचा विरोध पत्करून त्यांनी पत्नी आणि मुलीसह नागपुरास जाऊन दीक्षा घेतली. मुलगी नववीत आहे. शाळेच्या रजिस्टरात 'हिंदू – महार' अशी नोंद आहे. ती बदलावी असे त्यांच्या मनात होते. पण गावातील एका पुढाऱ्याने त्यांना सल्ला दिला होता.

"ते म्हणाले, घरात बुद्ध ठेवा, जयंतीला वर्गणी द्या, पण कागद आहे तसा राहू द्या. नाहीतर पोरीची शिष्यवृत्ती जाईल. वकीलसाहेब, खरे आहे काय हे?"

मी विचारले, "आणि ते पुढारी जयंतीला काय करतात?"

"मिरवणुकीत पहिला हार त्यांचाच असतो."

मी त्यांना जे सांगितले तेच आपणांस सांगतो, कारण हाच प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. राज्यातही नाही आणि केंद्रातही नाही. मात्र 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' ही अनुसूचीतील जात नव्हे. म्हणून जातीच्या दाखल्यावर धर्म बौद्ध आणि मूळ जात, अशा दोन्ही नोंदी असाव्यात. केवळ 'नवबौद्ध' लिहिलेला दाखला केंद्राच्या नोकरीच्या वेळी अडचण करतो. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा किंवा महसुली नोंदीचा उतारा सांभाळून ठेवावा. त्यावर 'महार' असणे ही लाज नव्हे, तो पुरावा आहे. दीक्षेचे प्रमाणपत्र तारखेसह जपून ठेवावे. धर्मबदलाची जाहिरात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात देता येते. आणि शाळेच्या रजिस्टरातील दुरुस्ती मूल त्या शाळेत शिकत असतानाच करून घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हाती पडला की मग हेलपाटे फार होतात.

जनगणनेविषयीही सांगतो. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २८ लाख झाली. त्या लोकांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तरीही प्रगणकाला काय लिहावयास सांगावयाचे हे त्यांना ठाऊक होते. २०११ साली देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. सरकारने जून २०२५ मध्ये अधिसूचना काढून पुढील जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ अशी ठरविली, आणि तीत प्रत्येकाची जातही विचारण्याचे ठरले आहे. काही विद्वान म्हणतात की जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहावे. त्यांची भावना मला कळते, पण सल्ला पटत नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावे आणि जातीच्या रकान्यात आपल्या दाखल्यावरील नाव लिहावे, म्हणजे बौद्धांची संख्या बुडणार नाही आणि अनुसूचित जातींचीही नाही. जनगणनेत सांगितलेली माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये गोपनीय असते. ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे तेथे 'बौद्ध' सांगितल्याने कोणाचा दाखला रद्द होईल, ही भीती सर्वस्वी खोटी आहे. प्रगणक घाईत असेल आणि विचारल्यावाचूनच 'हिंदू' लिहीत असेल तर त्याला थांबवा, आणि लिहिलेले वाचून दाखवावयास सांगा.

ते फिटर गृहस्थ पुढच्याच आठवड्यात मुलीला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकेने अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. रात्री त्यांचा मला फोन आला. राजपत्रातील जाहिरातीसाठी कोणते कागद लागतात, हे त्यांना विचारावयाचे होते. मागून मुलीचा आवाज येत होता. तिला आपले नाव अर्जात नीट लिहिले आहे की नाही हे पाहावयाचे होते.

जय भीम.